उघडी बिळं

काल सांजेला आकांक्षानं चौसष्ट बिळं बुजवली होती. ढेकूळ बसवायचं, वरून टाच मारायची, पुढं जायचं. आज सकाळी त्यातली एकावन्न पुन्हा उघडी झाली होती. शिवाय वीस नवी.

एकाहत्तर. पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा मोजली तेव्हा एकोणतीस होती.

ती वावराच्या मधोमध थांबली. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. हरभरा पोटरीएवढा झाला होता. शेंड्याला फुलं, खाली घाटे धरू लागलेले. दवानं पानांवरची आंब, हरभऱ्याचा आंबट खार, ओली झाली होती आणि ती तिच्या टाचांच्या भेगांत शिरून चुरचुरत होती. तिनं वाकून एक फांदी उचलली. विळ्यानं तिरपी कापावी तशी बुडाशी कापलेली, घाट्यांसकट. अशा फांद्या प्रत्येक ओळीत पडल्या होत्या. काही ओढत बिळापर्यंत नेलेल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं हे साडेपाच एकर. खालचं पाणी खारं, म्हणून विहीर नाही. पावसाची ओल काळ्या मातीत मुरली की तिच्यावर हरभरा यायचा, आणि तो गेला की दुसरं काही यायचं नाही.

"किती झाले, सूनबाई?" दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून पंजाबरावानं आवाज दिला. तीन बाजूंनी त्याचंच वावर होतं.

"एकाहत्तर."

"म्या मोजाचं सोडून देल्लं." पंजाबराव बुटानं एका बिळाचं तोंड उकरत होता. "सोयाबीन सोंगाच्या वक्ताले पानी आलं अन अर्ध्या शेंगा वावरातच फुटल्या. दोन महिने उंदरायची पंगत बसली. आता ती पंगत उठून हरबऱ्यात आली. म्या दोनदा औषध टाकलं. चार दिवस शांत, पाचव्या दिवशी पयले पाढे पंचावन्न. कुठून येते? इथून येते."

आकांक्षानं हातातली फांदी शर्टाच्या खिशात घातली.

"आज समाजमंदिरात सभा हाय," तो म्हणाला. "शनिवारी साऱ्या शिवारात एकाच दिवशी औषध टाकाचं हाय. खुशालकाकाले घेऊन ये."

"मामाजी नाई म्हनतीन."

"ते तं मालूम हाय. तू काय म्हनतं?"

ती वाकून पुढचं बीळ बुजवू लागली. पंजाबराव वाट पाहून निघून गेला.

तिचे सासरे खुशालराव अडुसष्ट वर्षांचे होते. उंच, पण कमरेत वाकलेले. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी रिद्धपूरला महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. तेव्हापासून घरात मांस-मासा बंद झालाच, पण चुलीत घालायचं लाकूडसुद्धा आधी दगडावर आपटून मुंग्या झटकल्या जात. नवरा किशोर नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात कामाला होता. पंधरवड्यातून एकदा यायचा. मुलगी श्रावणी अमरावतीला मावशीकडं शिकत होती. वावर सासरा आणि सून दोघं करत.

सभेत चाळीसेक माणसं होती. कृषी सहायक नवा, तरुण मुलगा होता. हातवारे करत समजावून सांगत होता.

"एक मादी तीन आठवड्यांत आठ-दहा पिल्लं देते. ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात. खायला आहे आणि जागा आहे, तोवर वाढतच जाणार. अन एका वावरातले मारले की शेजारचे येऊन बसतात. तयार घर, तयार अन्न. जागा रिकामी राहत नाही. म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी. आधी दोन दिवस साधा भरडा टाका, त्यांना सवय लागू द्या. शनिवारी औषधाचा."

"माह्या वावरात नाई," खुशालराव बसल्या जागेवरून म्हणाले.

माना वळल्या. पंजाबराव जणू त्याचीच वाट पाहत होता.

"काका, घाटेअळीवर फवारा मारता नं तुमी?"

"किशोर मारते."

"अन तुमी?"

"म्या त्या दिवशी वावरात जात नाई."

"म्हंजे डोये झाकता. मंग शनिवारीबी झाका!"

लोक हसले. "तेबी पापच हाय," खुशालराव म्हणाले. "पन जे डोयानं दिसते, पयते, पिल्लाले तोंडात धरून नेते, ते माह्यानं मारनं होनार नाई."

बाया दाराशी उभ्या होत्या. आकांक्षा एक पाऊल पुढं आली.

"मामाजी, एकाहत्तर बिळं हायेत. मी रोज मोजून राहिली. पंधरा दिवसांत दुपटीच्या वर गेली."

खुशालरावांनी मागं वळून पाहिलंही नाही. "बाई, वावर माह्या नावानं हाय."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मागं कोणीतरी बाई फिसकन हसली. आकांक्षा पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरत राहिली.

"बरं," पंजाबराव म्हणाला. त्याचा आवाज आता शांत होता. "वावर तुमचं. पन तुमच्या वावराचा रस्ता माह्या वावरातून हाय. शनिवारी तुमच्या बिळायत औषध नाई पडलं तं तिथून ट्रॅक्टर जानार नाई अन थ्रेशरबी जानार नाई. हरबरा डोक्यावर न्या."

कोणीही मध्ये पडलं नाही. कृषी सहायक मोबाईल पाहू लागला.

घरी आकांक्षानं ताट वाढलं. खुशालराव दोन घास खाऊन थांबले.

"सृष्टी आपलं आपून सांभायते," ते म्हणाले. "उंदीर वाढले का सापं वाढते, घुबडं वाढते. म्या पाह्यलं हाय. पयले पूर्नेचा पूर आला का साऱ्या बिळायत पानी शिरे. थंडीत खायाले सरलं का आपोआप मरत."

"वाढते नं, मामाजी. पन उंदीर दोन महिन्यात वाढते अन घुबड दोन वर्सात. हरबरा तोवर थांबते का?" तिनं भाजीचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. "अन खायाले सरलं का मरतीन, तं खायाले काय हाय तिथी? आपलाच हरबरा हाय. तो सरल्यावर मरतीन ते."

खुशालरावांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "शनिवारले पाच दिवस हायेत. धरून नेतो."

"काय?"

"जित्ते धरतो अन नदीवर नेऊन सोडतो."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्यांनी गावातून पंधरा किलोच्या तेलाचे बारा रिकामे डबे गोळा केले. वावराला भेगा पडल्या होत्या, पण भेगांच्या मधली माती दगडासारखी होती. सब्बल मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. खुशालराव सब्बल मारत, आकांक्षा पावड्यानं माती ओढी. तिसऱ्या खड्ड्यापर्यंत म्हाताऱ्याचा सदरा पाठीला चिकटला. डबे काठापर्यंत पुरले, आतून तेलाचा हात दिला, तळाला मूठभर भरडा. आत पडलेल्या उंदराला गुळगुळीत पत्र्यावरून वर चढता येत नव्हतं.

मंगळवारी सकाळी डब्यांत तेवीस उंदीर होते. काही एकमेकांच्या अंगावर चढून काठाकडं उड्या मारत होते. खुशालरावांचा चेहरा उजळला. झाकणाला भोकं पाडलेल्या मोठ्या पिप्यात त्यांनी ते ओतले, पिपा सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधला आणि तीन किलोमीटर नदीपर्यंत ढकलत नेला. दुपारी परतले तेव्हा गुडघा सुजला होता, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सुनेला आपणहून चहा मागितला.

बुधवारी एकतीस. गुरुवारी अठ्ठावीस.

"ब्याऐंशी नेले," खुशालराव म्हणाले.

आकांक्षा वावर फिरून आली होती. "आज उघडी बिळं शहात्तर हायेत."

"असं कसं?"

"नेलेल्यायच्या बिळात पंजाबभाऊच्या वावरातले येऊन राहिले. तो पोरगा म्हनला होता नं, जागा रिकामी राहत नाई."

खुशालराव सब्बलीवर हात ठेवून उभे होते. त्यांचं लक्ष तिच्या कमरेकडं गेलं. कमरेला ओटी बांधलेली होती आणि ती बिळांच्या तोंडाशी मूठमूठ काहीतरी टाकत आली होती.

"ह्ये काय?"

"भरडा."

"साधा?"

"आज साधाच हाय," ती म्हणाली.

ती नजर खाली घेणार नव्हती. शेवटी खुशालरावच वळले आणि डबा उपसायला लागले.

सांजेला किशोरचा फोन आला. मागं यंत्रांचा आवाज होता. "बाबाले समजाव न तू," तो ओरडून बोलत होता. "रस्ता बंद झाला तं काय करशीन?"

"तू ये अन समजाव."

"मले सुट्टी नाई. अवं, गुपचूप टाकून दे नं. त्यायले कायले सांगतं?"

आकांक्षानं फोन बंद केला. गुपचूप टाकणं तिच्याही मनात होतं. भिंतीवरच्या फळीवर, डाळीच्या डब्यांपासून लांब, औषधाची पुडी तीन दिवस होती. पण म्हातारा रोज सुजल्या गुडघ्यानं नदी गाठत होता. त्याच्या पाठीमागं हे करायचं म्हणजे त्याला वेडा ठरवायचं. ती त्याच्याशी भांडायला तयार होती, फसवायला नव्हती.

शुक्रवारी डब्यांत चौतीस निघाले. खुशालरावांना सायकल ढकलणं सोडा, नीट चालताही येईना. आकांक्षा सायकल ढकलायला सोबत निघाली. पांदनीतून, शेतांमधल्या कच्च्या वाटेनं, जाताना पिप्यात खरखर चालली होती. मध्येच ची ची आवाज, मग पुन्हा खरखर.

नदीकाठी लव्हाळ्यात पोचून त्यांनी पिपा खाली उतरवला. खुशालरावांनी झाकण काढलं आणि पिपा आडवा केला. उंदीर क्षणभर आतच दबून राहिले, मग एकामागून एक सुटले.

"पकडला रे! हाच तो!"

काठावरच्या तुरीतून पाच-सहा जण धावत आले. पलीकडच्या शिवारातले शेतकरी होते. पुढचा किशोरपेक्षाही लहान दिसत होता. त्यानं खुशालरावांची गळ्याशी सदऱ्याची घडी धरली.

"चार दिवसांपासून पाहून राहिलो, हरबऱ्यात उंदीर कुठून वाढले म्हनून. तुमच्या गावचा कचरा आमच्या वावरात टाकता का, बुढेबाबा?"

"म्या नदीवर सोडले," खुशालराव म्हणाले. "वावरात नाई."

"नदीवर का खातीन ते? रेती?"

हा प्रश्न खुशालरावांना पडलाच नव्हता, हे आकांक्षाला दिसलं. तिलाही पडला नव्हता.

"वेच," तो तरुण म्हणाला. "जेवढे सोडले तेवढे वेच अन भर त्या पिप्यात."

"जाऊ द्या नं भाऊ, म्हातारा मानूस हाय," आकांक्षा मध्ये आली.

"तू बाजूले राह्य, बाई."

खुशालराव खाली बसले. सुजलेला गुडघा मुडपताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला. रांगत रांगत ते लव्हाळ्यात हात घालू लागले. एक उंदीर हाताला लागला आणि बोटाला चावून निसटला. बोटातून रक्त आलं. एक जण मोबाईल समोर धरून उभा होता. "बाबा, इकडं पाह्य," तो म्हणाला, आणि खुशालरावांनी खरंच मान वर केली.

आकांक्षानं वाकून सासऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. "झालं तुमचं?" ती त्या माणसांना म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पुन्हा येनार नाई आमी."

त्या तरुणानं पिप्यावर पाय दिला आणि तो चेपला. चेपलेला पिपा सासरा-सुनेनं तिथंच सोडला. सायकलचा टेकू घेऊन म्हातारा चालत होता आणि बोट धोतरात गुंडाळलेलं होतं.

सांजेपर्यंत ती चित्रफीत गावभर फिरली. किशोरचे तीन फोन आले, खुशालरावांनी एकही घेतला नाही. पंजाबराव दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ चपलेशी चाळा करत होता.

"म्या पोरायले सांगतलं, तो व्हिडिओ मिटवून टाका म्हनून," तो आकांक्षाला म्हणाला. "काकाले सांग." मग जाता जाता, "उद्या सकाळी साऱ्यायचं सात वाजता हाय."

शनिवारी उजाडताना आकांक्षानं अंगणात घमेलं घेतलं. भरडा ओतला, तेल टाकलं, काठीनं कालवलं. पुडी फोडली तशी लसणासारखा उग्र वास आला. काळपट भुकटी तिनं तोंडाला रुमाल बांधून घमेल्यात झटकली.

"इकडं दे."

खुशालराव आंघोळ करून मागं उभे होते. ओलं धोतर, उघडं अंग, बोटाला चिंधी.

"मामाजी, तुमी आत जा. मी टाकतो."

"इकडं दे म्हनतो नं."

तिला वाटलं ते घमेलं उपडं करणार. ती दोन्ही हातांनी धरून बसली. ते तिच्यासमोर उकिडवे बसायला गेले, गुडघा वळेना, मग पाय पसरून मातीतच बसले.

"फवाऱ्याच्या वक्ताले म्या घरी राहो," ते म्हणाले. "पाप किशोरच्या हातानं होये अन म्या सोवळा. बावीस वर्स. काल त्या लव्हाळ्यात समजलं मले. म्या उंदीर वाचवून नव्हतो राह्यलो, दुसऱ्याच्या वावरात सारून राह्यलो होतो." त्यांनी काठी तिच्या हातातून घेतली. "आता तुह्या हातानं करून घेऊ का? तुले पोर हाय. माह्या हातानं होऊ दे."

आकांक्षा उठली, आतून दोन प्लास्टिकच्या पन्न्या आणल्या आणि त्यांच्या हातांना मनगटापर्यंत सुतळीनं बांधल्या. चिंधीचं बोट तिनं दुहेरी गुंडाळलं.

सात वाजता सारं शिवार वाकलेलं होतं. नेहमी अशा वेळी धुऱ्याधुऱ्यांवरून हाका चालायच्या. आज कोणी बोलत नव्हतं. आकांक्षा पुढं चालून बीळ दाखवी. खुशालराव भरड्याची चिमूट आत सोडत. ती ढेकूळ बसवी. पहिल्या दहा बिळांपर्यंत त्यांचे ओठ हलत होते, नाव घेत असावेत. पुढं ओठ थांबले. चाळिसाव्या बिळाशी त्यांना उलटी झाली. ती पाणी घेऊन आली, त्यांनी चूळ भरली आणि ते म्हणाले, "पुढचं दाखव."

एकोणऐंशी बिळं दुपारपर्यंत झाली.

रविवारी सकाळी पिकाच्या ओळींतून मेलेले उंदीर पडले होते. कुत्र्या-घारींनी खाऊ नये म्हणून वेचून पुरायचे होते. खुशालरावांनी धुऱ्याशी कमरेएवढा खड्डा घेतला. आकांक्षा टोपल्यात भरून आणी आणि ते एकेक करून खाली ठेवत. ओतू देत नव्हते. उन्हं वर आली तशी माश्या घोंगावू लागल्या. तिनं चौथं टोपलं आणलं तेव्हा ते खड्ड्याजवळ नव्हते. वीस पावलांवर एका बिळापाशी पोटावर झोपले होते. ढेकूळ बाजूला, कान बिळाला.

"मामाजी! काय झालं?"

"आवाज येते."

ती गुडघ्यांवर बसली, मग तिनंही कान लावला. अगदी बारीक, थांबून थांबून येणारा आवाज होता. आठ-दहा गळ्यांचा, पण सगळे मिळून एका चिमणीएवढाही मोठा नाही.

"पिल्लं हायेत," खुशालराव म्हणाले. "माय मेली त्यायची." त्यांनी सब्बलीकडं हात केला.

"काढून काय करसान?"

हात तसाच राहिला.

"डोये उघडले नसतीन अजून. दूध कोन पाजीन? सांजेपर्यंत उन्हात मरतीन, नाई तं कावळे नेतीन." श्रावणीच्या वेळी दूध उतरत नव्हतं, ते तीन दिवस तिला आठवले. "अन जगले तं दोन महिन्यांत पुन्हा..." तिनं वाक्य सोडून दिलं.

खुशालराव ढेकूळ उचलायला वळले. त्याआधीच तिनं ते उचललं, बिळाच्या तोंडावर बसवलं आणि टाच मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माती घट्ट झाली तरी ती मारत राहिली. आंबेनं टाच पेटली होती. खुशालराव तिच्याकडं पाहत होते.

"म्या केलं असतं," ते म्हणाले.

"मालूम हाय."

त्या दिवशी एकशे नव्वद उंदीर पुरले. बिळाच्या आत किती मेले त्याचा हिशोब नाही. तिसऱ्या दिवशी बाभळीखाली एक पिंगळा मेलेला सापडला. खुशालरावांनी तो वेगळा पुरला. उघडी बिळं अकरावर आली, मग सहावर, आणि माघ लागेपर्यंत दहाच्या वर गेली नाहीत. पंजाबरावाच्या वावरातही तसंच. सोंगणीला बाया आल्या, थ्रेशर पंजाबरावाच्या वावरातून आला, आणि पंजाबराव स्वतः ट्रॅक्टरपुढं चालत चाकांना वाट दाखवत आला. चाळीस पोत्यांच्या वावरात सव्वीस झाली. बाकीचं आधीच गेलं होतं.

थ्रेशर निघाल्यावर पंजाबरावानं खुशालरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमी टाकलं म्हनून साऱ्यायचं वाचलं."

खुशालरावांनी हात हळूच खाली केला. त्यांना ते कौतुक नको होतं.

औषधाच्या दिवसापासून ते देवपूजेला बसले नव्हते. देवाच्या खोलीत पाय ठेवत नसत. पायरीवर बसून, भिंतीकडं तोंड करून नाव घेत. जेवण निम्म्यावर आलं होतं. दिवसातून चार-चारदा राखेनं हात घासत आणि मग नाकाशी नेत. वास कधीच गेला होता. आकांक्षा तसं सांगायची, तरी ते घासत.

हरभरा घरात पडल्यावर एके दिवशी त्यांनी पांढरं धोतर काढलं. "रिद्धपूरले जाऊन येतो," म्हणाले. "सांगाचं हाय. प्रायश्चित्त देतीन ते घेतो." चार दिवस तरी राहतील म्हणून आकांक्षानं पिशवीत जास्तीचा सदरा घातला आणि दर्यापूरच्या जीपपर्यंत सोडायला गेली.

सांजेला ती दिवा लावत होती तेव्हा अंगणात चपलांचा आवाज झाला. खुशालराव पिशवीसकट उभे होते.

"काय म्हनले मठात?"

"गेलोच नाई आत." ते पायरीवर बसले. "फाटकापर्यंत गेलो. तिथी बसून राह्यलो. येनारे-जानारे दंडवत घालत, म्याबी घालत राह्यलो. उठून आत जावं अन म्हनावं, म्या असं केलं... तोंडच उघडेना, बाई. दुपारची गाडी पकडली."

तिनं पाण्याचा तांब्या दिला. ते प्यायले नाहीत, हातात धरून बसले.

"तू संगं येशीन का?" ते म्हणाले. सुनेला त्यांनी आजवर असं काही विचारलं नव्हतं. "एकट्याले नाई सांगता येत."

"कवा जाचं?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी दोघं पहाटेच्या जीपनं निघाले, अमरावतीहून दुसरी गाडी धरली आणि दहाच्या सुमाराला मठाच्या फाटकाशी उतरले. खुशालरावांची पावलं तिथं अडखळली. आकांक्षा पुढं झाली, आणि मग ते तिच्या मागून आत आले.

ओसरीवर वृद्ध महंत एकटेच बसून सुपारी कातरत होते. खुशालरावांना त्यांनी ओळखलं. दोघांनी दंडवत घातला. महंतांनी सुपारी बाजूला ठेवली आणि वाट पाहिली.

खुशालरावांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी दोन्ही तळवे पुढं केले, जणू त्यांवर काही दिसणार होतं, आणि तसेच धरून ठेवले. महंत त्या हातांकडं पाहत होते, काय झालं ते त्यांना कळत नव्हतं.

"बाबा," आकांक्षा महंतांना म्हणाली, "आमी उंदीर मारले. वावरात. दोघांनी मारले. पिल्लंबी गेली, ते माह्या हातानं झालं."

खुशालरावांनी झटकन तिच्याकडं पाहिलं. काही बोलायला गेले, आणि मग तिथंच, ओसरीच्या खांबाला धरून, अडुसष्ट वर्षांचा माणूस मोठ्यानं रडला.

महंतांनी त्यांना थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं आतल्या बाजूला तोंड करून ते म्हणाले, "दोन ताटं जास्तीची लावा." आणि यांच्याकडं वळून, "बसा. पयले जेवून घ्या. मंग सारं पयल्यापासून सांगा. दोघंबी सांगा."

खुशालराव बसले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि शेजारची चटई हातानं झटकून सुनेसाठी सरळ केली.